लिहिलेली बाजू

"अर्धा दिवस रजा?" मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "आरसे, तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे."

"मग घरी कुणाला काही..."

"सगळे ठीक आहेत. जरा बाहेर काम आहे."

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. आरशांनी रजा मागावी, असं त्या कारखान्यात कधी घडलं नव्हतं. आरसे स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत चाकावर होते, असं तिथे छातीठोकपणे सांगितलं जाई. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं, पण नव्या माणसांना ते पटायचं आणि जुन्यांना खोडून काढायचा कंटाळा होता.

आरसे हे त्यांचं आडनावही नव्हे. नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी, कपाटांच्या कड्या असला पितळी माल मुलामा चढण्याआधी त्यांच्या हाताखालून जाई. फिरत्या कापडी चाकावर धरून ते त्याला अशी चकाकी आणत की त्यात बघून भांग पाडावा. कुणीतरी कधीतरी त्यांना 'आरसे' म्हणालं आणि ते कायमचं चिकटलं. खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. बाकी दिवसभर दुसऱ्याला चकाकी देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड संध्याकाळपर्यंत कढईच्या बुडासारखं होऊन जाई.

"जा," मालक म्हणाले. "पण उद्या या हं. तोट्यांची मोठी खेप जायचीय."

"येतो की," आरसे म्हणाले. न येऊन जाणार कुठे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मोरीत त्यांनी साबणानं तोंड धुतलं, मग पुन्हा एकदा धुतलं. कानांच्या मागचं काळं निघालं नाहीच. ते आता निघण्यातलं राहिलं नव्हतं. बोटं सकाळपासून बधिर होती. चाकाची थरथर हातात मुरलेली, चाक बंद झालं तरी हाताला ते कळायला तास जायचा. खुंटीवरचा शर्ट घालताना त्यांनी आधी वरचा खिसा चाचपला. रुमालात बांधलेला बिल्ला जागेवर होता.

बिल्ला वडिलांचा. हातात मावेल एवढा, गोल, पितळी, वर कडी अडकवायला एक भोक. तो घरात इतकी वर्षं होता की कपाट, पलंग, पाटा अशा वस्तूंसारखा त्याच्याबद्दल कुणी विचार करत नव्हतं. म्हणजे आरशांच्या बायकोनं केला नसेल. आरशांनी केला होता.

वडील ऐन तारुण्यात परदेशी गेले. वाळूच्या मुलखात, समुद्राकाठी, जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत वेल्डर म्हणून. आरसे तेव्हा पाटीवर रेघोट्या ओढत होते. घरी पैसे यायचे, कधी कुणाबरोबर साबण आणि कापड यायचं. वडील मात्र आले नाहीत. मग आई आजारी पडली, खंगत गेली, आणि गेली. वडिलांना निरोप धाडला होता. तरी ते आले नाहीत. आत्यानं आरशांना वाढवलं, आणि वाढवता वाढवता घासाघासाला ऐकवलं, "बायको मेली तरी फिरकला नाही हो माझा भाऊ!" पुढे वडील कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या पेटीत हा बिल्ला होता. आत्यानं वाक्य लांबवलं, "मेली तेव्हा फिरकला नाही, आणि आला तो बिल्ला मिरवत आला."

खरं तर वडिलांनी तो कधीच मिरवला नाही. कुणी फार खोदून विचारलं तर एवढंच सांगत, की जहाजाच्या तेलाच्या टाकीत एक कामगार वाफेनं गुंगी येऊन पडला होता, तोंडाला ओलं फडकं बांधून हे आत उतरले आणि त्याला ओढून बाहेर काढलं. त्याच वर्षी हे मिळालं. त्यांची पाठ फिरली की आत्या म्हणे, "बाजारात ढिगानं मिळतात असले."

आरशांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या आणि कुणाच्या बाजूनं जायचं ते त्यांना उभ्या जन्मात ठरवता आलं नव्हतं. माणसाचा जीव वाचवणारा बाप असेल तर त्याला एक वेळ माफ करता येतं. नुसताच न आलेला बाप असेल तर काय करायचं? त्यांनी काहीच केलं नाही. बापाला सांभाळलं, औषधपाणी केलं, आणि मोजकं बोलले.

आणि आता, गेल्या आठवड्यात, वडिलांनी स्वतःच विषय काढला. पलंगाला खिळून त्यांना बराच काळ झाला होता. छातीचा भाता झाला होता. डॉक्टरांनी आरशांना बाहेर नेऊन, जे सांगायचं असतं ते सांगितलं होतं. त्या संध्याकाळी वडिलांनी उशाखालचा पत्र्याचा डबा काढायला लावला आणि बिल्ला उताणा करून छातीवर ठेवला.

"यावर काय लिहिलंय, ते एकदा कळलं पाहिजे," ते म्हणाले.

आरशांना आधी अर्थच लागेना. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मला कुठली ती लिपी येतेय? पोटापुरतं बोलायला यायचं. दे, घे, उचल, थांब."

"इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाही?"

वडिलांनी छताकडे पाहिलं. "नाही विचारलं," म्हणाले. "आता मात्र विचारून ये. मी आहे तोवर."

सकाळी डबा भरताना बायकोनं आरशांना छेडलं होतं. "त्यांना कळावं म्हणून निघालाय, का तुम्हाला कळावं म्हणून?"

"दोघांना," आरसे म्हणाले.

"बघा बाई. ऐकून घेता येईल असंच विचारा म्हणजे झालं."

जुनी नाणी आणि तिकिटं विकणाऱ्याचं दुकान पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी. नाणीवाला काचेच्या पेटीमागे बसून डुलक्या घेत होता. रुमालाची गाठ सुटताना मात्र त्याची झोप उडाली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, आणि लगेच काढलं.

"नाणं नाही हे. पदक आहे. बिल्ला म्हणा." त्यानं ते उलटंसुलटं केलं. "ही बाजू कुणी खाल्ली?"

त्या बाजूला एके काळी उठावाचं चित्र होतं. एक जहाज, वर झुकलेली माल उचलायची यारी, खाली लाटांच्या रेघा. आता तिथे लोणी चोपडल्यासारखा सपाट गुळगुळीतपणा होता. जहाज होतं म्हणून सांगितलं तर दिसे, नाहीतर नाही.

"पॉलिश केलं होतं," आरसे म्हणाले. "चाकावर."

"कुणी?"

"होता एक जण."

"हात बांधून ठेवायला हवे होते त्याचे! अहो, जुन्या वस्तूवरचा मळ म्हणजे तिची कातडी. ती सोलली की खाली काय राहणार? लोकांना वाटतं चकाकलं म्हणजे चांगलं झालं. येतात इथे, घासूनपुसून, हसत हसत. मी नुसतं कपाळ बडवून घेतो."

आरसे ऐकून घेत राहिले. तो एक जण कोण, हे सांगण्यासारखं नव्हतं. वडील परत आले तेव्हा आरसे नुकते चाकावर लागले होते. पहिली कला हातात आलेली, आणि ओळखही न उरलेला बाप दारात उभा. बोलायचं काय? मग त्यांनी बिल्ला गुपचूप कारखान्यात नेला आणि जीव ओतून चमकवला. संध्याकाळी बापाच्या हातावर ठेवला. वाटलं होतं, शाबास म्हणतील. वडिलांनी त्या लखलखीत बाजूकडे पाहिलंच नाही. घाईघाईनं बिल्ला उलटा केला, मागची अक्षरं शाबूत आहेत ना बघितलं, अंगठा फिरवून बघितलं, आणि तो डब्यात ठेवून दिला. त्यानंतर आरशांनी आयुष्यभर लाखांनी तोट्या चमकवल्या असतील, बापाला दाखवायला एकही आणली नाही.

"मागच्या बाजूला अरबी आहे," नाणीवाला सांगत होता. "नाण्यावरची राजांची नावं मला चित्रासारखी ओळखू येतात. ही तर वाक्यं आहेत, यात माझं डोकं चालत नाही. असं करा, मोठ्या इस्पितळात जा. बाहेरदेशचे रोगी येतात ना तिथे, त्यांच्यासाठी एक दुभाषीबाई बसतात. माणूस म्हणून चांगल्या आहेत. आणि पुन्हा घासू नका हो!"

इस्पितळात दुभाषीबाईंचं टेबल तपासणीच्या खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत होतं. बाई आरशांच्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले, पायातल्या चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. समोर एक परदेशी म्हातारं जोडपं बसलं होतं आणि बाजूला तरुण डॉक्टर उभा होता. डॉक्टर एक वाक्य बोले, बाई ते त्यांच्या भाषेत सांगत. डॉक्टर भराभर बोलत होता, बाई सावकाश. म्हाताऱ्यानं मान हलवली. म्हातारीनं ओढणी तोंडावर घेतली. डॉक्टर घड्याळ बघून निघून गेला आणि बाई तिचा हात धरून आणखी थोडं काहीतरी बोलत राहिल्या, जे डॉक्टर बोललाच नव्हता.

ती दोघं गेल्यावर आरसे पुढे झाले. आधी खुर्चीवर बसायचा त्यांना संकोच वाटला, कारण विजारीला चाकाची भुकटी होती. बाईंनी बसा म्हटलं.

"दिवसभर हेच," त्या म्हणाल्या. "बातमी डॉक्टरांची, तोंड माझं. बोला, तुमचं कोण आजारी आहे?"

"वडील. पण त्यासाठी नाही आलो." आरशांनी रुमाल सोडला. "यावर काय लिहिलंय, ते त्यांना जाण्याआधी ऐकायचंय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला. बिल्ला तिरपा धरला. त्यांचे ओठ हलले.

"वर गोदीचं नाव आहे. जहाजदुरुस्तीची गोदी."

"बरोबर! तिथेच होते ते." आवाज मोठा निघाला म्हणून आरसे ओशाळले. म्हणजे बाजारातून घेतलेलं नव्हतं. आत्या खोटी होती. "पुढे?"

"पुढे लिहिलंय, कौतुकादाखल." बाई थांबल्या. "एकही दिवस न चुकता कामावर हजर राहिल्याबद्दल. आणि खाली वर्ष आहे."

वर्ष त्यांनी आपल्या आकड्यांत सांगितलं. तो आकडा आरशांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. घरात भिंतीवर आईच्या फोटोखाली तोच होता.

"जीव वाचवल्याबद्दल, असं काही नाही?" त्यांनी विचारलं. "टाकीतून माणूस काढला होता त्यांनी. जरा बघता का पुन्हा?"

बाईंनी पुन्हा बघितलं. खरोखर बघितलं, वेळ घेऊन. "नाही हो," म्हणाल्या. "त्यांनी माणूस वाचवला नसेल असं मी म्हणत नाही. इथे ते लिहिलेलं नाही, एवढंच." मग पेनाचं टोक एका शब्दावर टेकवलं. "हा शब्द बघा. हजर. तुम्ही आम्ही म्हणतो ना, तोच. तिकडूनच आलाय आपल्याकडे."

आरशांनी तो शब्द नीट बघून घेतला. वर एक ठिपका, पोटात वळण, शेवटी झुकलेली काठी.

उठताना त्यांना राहवलं नाही. "बाई, एक विचारू? घरची माणसं तुम्हाला सांगत असतील, रोग्याला खरं सांगू नका म्हणून. तेव्हा तुम्ही काय करता?"

"ते मला विचारू नका," दुभाषीबाई म्हणाल्या. टेबलाखाली त्या पायांनी चपला शोधत होत्या. "डॉक्टरांना ती भाषा येत नाही, रोग्याला ही येत नाही. मधे मी एकटी. घरी जाऊन मी फार लवकर झोपते, एवढं सांगते."

बस भरलेली नव्हती. आरशांना खिडकी मिळाली. त्यांनी डोकं काचेला टेकवलं. उभ्या आयुष्याच्या प्रश्नाचं उत्तर खिशात होतं आणि त्यांना नुसती झोप येत होती.

हजेरी! आई खाटेवर पडून दाराकडे बघायची, तेव्हा हा माणूस हजर होता, तिकडे. निरोप पोचला त्या दिवशीही हजर. कुणीतरी त्याची टाळ्या वाजवून कदर केली आणि पितळेचा तुकडा हातावर ठेवला. आरशांनी रागाची वाट बघितली. इतकी वर्षं तो राग त्यांनी जपून ठेवला होता, आज त्याला बाहेर पडायला मुभा होती. पण आला तो दुसराच विचार. मालकांचा सकाळचा चेहरा. आरसे, तब्येत बरी आहे ना? धाकट्या मुलीला पहिला ताप भरला तेव्हा आपण कुठे होतो? बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा? संध्याकाळी गेलो होतो, तोंड धुऊन. घर याच गावात असून. बापानं जे समुद्रापार केलं ते आपण बसच्या अंतरावर केलं, एवढाच काय तो फरक. आणि आपल्याला तर कुणी बिल्लाही देणार नाही. हे मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं, तेव्हा पलीकडचा प्रवासी जरा सरकून बसला.

थांबा यायच्या आत त्यांनी एक ठरवून टाकलं. एमरीच्या खरखरीत चाकावर ही बाजू धरायची. मग कापडी चाकावर. तोटीएवढंसुद्धा काम नाही. अक्षरं गेली की प्रश्न गेला. घरी सांगायचं, झिजलंय, वाचता येत नाही म्हणाल्या.

पण दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तो बेत जागच्या जागी विरला. वडील उशांना टेकून बसले होते. दाढी केलेली, केस ओले करून मागे वळवलेले, अंगात धुतलेला पांढरा सदरा. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

"सकाळपासून घोळ चाललाय," बायको आतून म्हणाली. "दाढी करा, कपाटातला सदरा काढा. निकाल लागायचाय जसा शाळेचा!"

वडील फक्त बघत होते. त्या नजरेत आरशांनी पहिल्यांदा भीती पाहिली. डॉक्टर आले तेव्हा ती नव्हती, श्वास अडकला तेव्हाही नव्हती. वाचता येत नाही, हे वाक्य तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं.

"वाचलं त्यांनी," आरसे म्हणाले. "चांगल्या शिकलेल्या बाई आहेत."

"काय लिहिलंय?"

"वर गोदीचं नाव आहे."

"ते असणारच. खाली?"

"एका कामगाराचा जीव वाचवल्याबद्दल, असं."

"नीट वाचलं तिनं?"

"दोनदा वाचलं. मी सांगून पुन्हा वाचायला लावलं."

"हजेरीचं नाही ना?"

आरसे पलंगाच्या कडेवर बसले. "हजेरीचं कसलं?"

"अरे, त्याच वर्षी गोदीवाले हजेरीचंही काहीतरी द्यायचं म्हणत होते." वडील एकेक वाक्य श्वास घेऊन बोलत होते. "आम्हाला रांगेत उभं केलं. साहेब बोलला, लांबलचक. कुणाला कळलं? नावं पुकारली, हातावर एकेक ठेवलं, टाळ्या झाल्या. मी म्हटलं, माझं टाकीचं असणार. पण मग खोलीवर गेलो, आणि डोक्यात आलं, हजेरीचं असलं तर? म्हणजे तुझी आई गेली आणि मी गेलो नाही, त्याचं बक्षीस घेऊन बसलोय मी."

"बाबा, पडा आता. दम लागतोय."

"लागू दे. कुणाला दाखवलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. तिथेच कळलं असतं. विचारायची छाती झाली नाही." त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडायचा प्रयत्न केला. आरशांनी पुढे होऊन सोडली. "तुझी आत्या म्हणायची, रजा मिळाली नसेल तर तसं सांग. मी गप्प बसलो. अरे, मी मागितलीच नव्हती. निरोप आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. म्हटलं, आता जाऊन कुणाला तोंड दाखवायचं? तू एवढासा. तू विचारलं असतंस, का नाही आलात. तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. खोलीवर बसून तरी काय करणार होतो?"

हेच तर आरशांना ऐकायचं होतं, शेंबडं पोर असल्यापासून. रजा मिळाली नाही, का मागितली नाही? बापानं आपण होऊन सांगितलं, तेही आरशांनी एक खोटं सांगितलं म्हणून. आता बोलायला हवं होतं, निदान एकदा, की मी दारात बसून राहायचो हो, बाबा. पण समोर मोठी झालेली कॉलर आणि तिच्यात काडीसारखी मान. आरशांनी बापाचा हात हातात घेतला. दोन्ही हात भाजल्या-कापल्याच्या डागांनी भरलेले. बधिर बोटांना फारसं काही जाणवलं नाही, पण त्यांनी तो धरून ठेवला.

"बरं झालं," वडील म्हणाले. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात जात होतं, ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. "बरं झालं बाबा. आता तो डब्यात नको. तुझ्या आईच्या फोटोपाशी लाव. इतकी वर्षं तिथे ठेवायची लाज वाटायची."

"लावतो. उद्या जरा साफ करून आणतो."

"लिहिलेल्या बाजूला चाक लावू नकोस हं!" वडिलांनी डोकं उचललं. "तू नवखा होतास तेव्हा ती एक बाजू घालवलीस. ही राहू दे. हीच बाहेर दिसली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तोट्यांची खेप होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा आरसे बिल्ला घेऊन चाकापाशी आले. एमरीचं चाक शेजारीच होतं. त्यांनी बटण दाबलं, चाकानं वेग घेतला. आईच्या फोटोपाशी हे लावायचं? एकही दिवस न चुकता? घरात कुणालाच वाचता येत नाही, खरं. पण आपल्याला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीसमोरून जायचं, आणि माहीत असायचं.

चाक फिरत होतं. आरशांनी बिल्ला हातात फिरवून तो शब्द शोधला. वर ठिपका, पोटात वळण, झुकलेली काठी. आईला निदान खरं ते कळू दे, असं त्यांच्या मनात आलं. म्हाताऱ्याला त्याचं मिळालं, तिला तिचं मिळू दे. त्यांनी बटण बंद केलं. चाक थांबायला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ ते उभे राहिले. मग मोरीवर जाऊन, साबण लावून, जुन्या दातांच्या ब्रशनं त्यांनी एकेक अक्षर हातानं साफ केलं. उभ्या आयुष्यात चाकाशिवाय चमकवलेली ती पहिली वस्तू. ती तशी फार चमकली नाही.

घरी येऊन त्यांनी फोटोच्या बाजूला खिळा ठोकला. वडिलांना पलंगावरून दिसावं म्हणून बायकोनं दिवा लावला. बिल्ला लटकला, थोडा हलला, स्थिर झाला. अक्षरं बाहेरच्या बाजूला होती.

"वाचून दाखव," वडील म्हणाले. आज त्यांचा आवाज भिंतीपर्यंत पोचण्याइतकाही नव्हता. "तिला ऐकू दे."

आरशांनी बायकोकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नव्हतं, आणि आता ती पदरानं फोटोची काच पुसत होती. त्यांनी बोट अक्षरांखाली ठेवलं आणि सरकवत म्हणू लागले, "एका कामगाराचा..."

"तसं नाही," वडिलांनी पलंगावरून हात हलवला. "ते उजवीकडून वाचतात."

आरशांनी बोट उचललं, उजवीकडच्या टोकाला नेलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बोट सरकत त्या ओळखीच्या शब्दाखाली आलं तेव्हा त्यांच्या तोंडी 'जीव वाचवल्याबद्दल' होतं.

"हां," वडील म्हणाले. "असं."